कुमुदताईंचे खड्डे

कुमुदताई शिराळकर मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या माझ्या अंगणात गुडघे टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात दातेरी सुरा होता.

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. अर्धी खोकी अजून उघडायची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या बायकोला, आसावरीला, लॉनवर कोणीतरी दिसलं. रुंद कडांची टोपी, गुडघ्यांना बांधलेली फोमची पॅड, शेजारी गवतावर पसरलेलं हिरवं कापड आणि त्या कापडावर मातीचा छोटा ढीग.

"मिलिंद, आपल्या अंगणात कोणीतरी काहीतरी पुरतंय," ती म्हणाली.

मी हाताला लागलं ते घेऊन बाहेर धावलो. हाताला लागलं होतं पॅकिंग टेपचं रीळ. बाई माझ्यापेक्षा जास्त दचकल्या. इंग्रजीत सॉरी सॉरी म्हणू लागल्या, मी बेल वाजवली होती, कोणी दार उघडलं नाही, असं सांगू लागल्या. मागून आसावरी मराठीत म्हणाली, "पोलिसांना फोन करू का रे?"

"नका हो करू," बाई एकदम मराठीत म्हणाल्या. "मला पोलिसांची फार भीती वाटते."

त्या आमच्या मागच्या घरात राहत होत्या. त्यांच्या नळाचं पाणी सकाळपासून गळत होतं, आणि दोन्ही घरांची मुख्य चावी, जिला इथे टोबी म्हणतात, ती आमच्या लॉनखाली कुठेतरी गाडली गेली होती. तिचं लोखंडी झाकण त्यांनी मेटल डिटेक्टरने शोधून काढलं होतं. त्यांनी चावी बंद केली, कापडावरची माती खड्ड्यात परत ओतली, गवताचा कापलेला तुकडा वर बसवला, तळहाताने दाबला आणि बाटलीतलं पाणी शिंपडलं. मग कापड झटकलं तर त्यातून काहीही पडलं नाही. संध्याकाळी मी ती जागा बघायला गेलो. मला ती सापडली नाही.

कुमुदताई मूळच्या मिरजेच्या. तिथल्याच हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. गेल्या हिवाळ्यात त्या पर्थला, लेकीच्या घरी गेल्या. गेल्या म्हणजे वारल्या. लेकीने फोन केला तेव्हा मी ऑकलंडला, ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. फोन ठेवल्यावर मला त्यांचा चेहरा नीट आठवेना. आठवत होता तो उजवा हात.

त्यांच्याबद्दल काही सांगायचं तर आधी भीतीबद्दल सांगायला हवं. "मला भीती वाटतेय" हे वाक्य त्या अशा सुरात म्हणायच्या, ज्या सुरात आपण चहाची चौकशी करतो. लाज नाही, रडं नाही, आव नाही. वारा सुटला की भीती वाटायची, आणि वेलिंग्टनला वारा सुटला नाही असा दिवस शोधावा लागतो. भूकंपाची वाटायची, म्हणून पलंगाखाली बूट, शिट्टी आणि बॅटरी. साउथ आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटीची वाटायची. फोनवर अनोळखी नंबर दिसला तरी वाटायची. आमच्या इराला, माझ्या मुलीला, याची फार गंमत वाटे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. "आजी, आर यू स्केअर्ड ऑफ मी टू?" असं तिने एकदा विचारलं. कुमुदताईंनी तिच्याकडे नीट बघून सांगितलं, "सायकलवर असलीस की वाटते की."

थिएटरमध्येही त्यांचं हे असंच चालायचं. त्यांनीच सांगितलेली गोष्ट. पोटाचं ऑपरेशन संपत आलेलं, सर्जन टाके घालायला दोरा मागतोय, आणि यांच्या मोजणीत एक गॉझ, म्हणजे रक्त टिपायची पट्टी, कमी. "सर, मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या, आणि दोरा दिला नाही. सर्जन चिडला. पुन्हा मोजलं, कमीच. पोट पुन्हा तपासलं, बादल्या उलट्या केल्या, एक्स-रे काढला. शेवटी गॉझ सापडलं ते कुमुदताईंच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेलं.

"मग? सगळ्यांसमोर लाज नाही वाटली?" आसावरीने विचारलं.

"वाटली की. चांगली आठवडाभर वाटली. पण पेशंट झोपलेला असतो गं. त्याच्या वाटची भीती कोणीतरी वाटून घ्यायला नको का?"

अशा बाईच्या हाती ते मेटल डिटेक्टरचं मशीन आलं कसं, हे मला बरेच दिवस कोडं होतं. ते खरं म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, वसंतरावांचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलं, दोनचारदा लॉन उकरून ठेवलं, आणि एका दुपारी बागेतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यानंतर रिकाम्या घरात कुमुदताईंना सगळे आवाज ऐकू येऊ लागले. फ्रिजचा, छताच्या पत्र्याचा, नसलेल्या पावलांचा. मशीन विकायचं म्हणून त्यांनी जाहिरात दिली. शेजारच्या लोअर हट गावाहून एक माणूस बघायला आला. ते चालतं हे दाखवायला त्यांनी हेडफोन कानाला लावले आणि मशीन गवतावरून फिरवलं. मशीन गुणगुणलं. त्या फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने हेडफोन काढून त्या म्हणाल्या, सॉरी, हे विकायचं नाही.

"हे कानाला लावलं ना, की दुसरं काही ऐकू येत नाही," त्यांनी मला सांगितलं. "भीतीसुद्धा जरा बाहेर थांबते."

मी ड्रायव्हर म्हणून त्यांच्या आयुष्यात शिरलो. त्यांना मशीन घेऊन ज्या शेतावर जायचं असे ते वाइरारापात होतं, म्हणजे रेमुटाकाच्या घाटापलीकडे, आणि त्या वळणावळणाच्या घाटात गाडी चालवण्याची त्यांना भीती. आसावरीने परस्पर कबूल करून टाकलं की मिलिंद नेईल. अधूनमधून शनिवारी मी त्यांना न्यायचो. त्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसायच्या आणि घाट उतरला की थर्मास उघडायच्या. शेतावर पोचलं की मी झाडाखाली खुर्ची टाकून वाचत बसे आणि त्या उन्हात कुरणभर हिंडत. इथे कुंपण घातलेल्या अशा कुरणाला पॅडक म्हणतात. ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची अशी बरीच पॅडकं होती.

माझ्याआधी त्या ओळखीच्या कोणाच्या तरी गाडीतून तिथे गेल्या होत्या, तेव्हा पहिल्या भेटीत ग्रॅहमने त्यांना हाकलून दिलं होतं. परवानगी मागायला त्या दारात उभ्या राहिल्या, तर त्याने त्यांना आपल्या गाडीत बसवलं आणि कुरणात नेऊन एक खड्डा दाखवला. आधी कोणी एक जण मशीन घेऊन आला होता आणि खड्डा उघडा टाकून गेला होता. कडक उन्हाळ्यात त्याच्या कडा विटेसारख्या घट्ट झाल्या होत्या. त्यात एका मेंढीचा पाय गेला आणि मोडला. ग्रॅहमला तिला गोळी घालावी लागली होती. "हे तुम्ही लोक करता," तो म्हणाला.

कुमुदताईंनी त्याच्याकडून फावडं मागून घेतलं. तो खड्डा बुजवला, तुडवला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि मशीन गाडीतून बाहेरही न काढता घरी आल्या. पुढच्या पावसानंतर ग्रॅहमनेच फोन केला, तुला यायचं असेल तर ये. अनोळखी नंबर बघून त्यांनी तो आधी दोनदा कापला होता.

सुक्या जमिनीत खणण्याची त्यांची एक रीत होती. आधी एक लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत टोचून बघायचा. तो आत शिरलाच नाही तर तिथे खणायचं नाही, कितीही चांगला आवाज येत असो. शिरला तर तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी शाबूत ठेवायची, म्हणजे गवताची मुळं तुटत नाहीत. कापायचं ते जाड, कारण उन्हाळ्यात पातळ तुकड्याचा बिस्किटासारखा चुरा होतो. ते झाकण हळूच उलटं करायचं. आतली माती चिमूटभरही गवतावर सांडू द्यायची नाही, सगळी कापडावर. मग बोटांनी चाचपायचं. शेवटी सगळं उलट क्रमाने परत, आणि वर पाणी. पाणी विसरलं तर आठवड्यात तिथे तपकिरी चकती उमटते. ती दुसऱ्या कोणाला नाही दिसली तरी त्यांना घाटापासून दिसायची, असं त्या म्हणत.

सापडायचं काय, तर घोड्याच्या नालेचे खिळे, मेंढ्यांच्या कानातले बिल्ले, पट्ट्याची बक्कल, एखादा चमचा. सगळं त्या ग्रॅहमच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायच्या. एका टेकाडाकडे मात्र त्या मशीन कधीच नेत नसत. तिथे पूर्वी माओरींची, म्हणजे इथल्या मूळ लोकांची, वस्ती होती, असं ग्रॅहमने सांगितलं होतं. "तिथली माणसं तिथेच असतील," त्या म्हणायच्या. आणि अर्थात, मला भीती वाटते.

ज्या उन्हाळ्यात ते घडलं तो फार कोरडा होता. वाइरारापाच्या टेकड्या उंटाच्या अंगासारख्या दिसत होत्या. बागेला पाणी घालायला बंदी होती. ग्रॅहमने त्या दिवशी नदीजवळच्या एका पॅडकमध्ये जायला सांगितलं, कारण तिथे अजून थोडी ओल होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या बाजूला सैनिक सराव करायचे हे तो आम्हाला कधीतरी बोलला होता. त्याच्या वडिलांना गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या सापडायच्या. पण नदीकडे काही नाही, असं त्याचं म्हणणं.

मी फाटकाच्या अलीकडे विलोच्या झाडाच्या सावलीत बसलो होतो. सकाळ सरत आली होती. रातकिड्यासारखे ते उन्हाळी किडे, सिकाडा, कर्कश ओरडत होते. कुमुदताई पॅडकच्या मध्यावर गुडघ्यांवर बसलेल्या दिसत होत्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मला वाटलं काहीतरी मोठं लागलं. मी पाण्याची आणखी एक बाटली घेऊन त्यांच्याकडे निघालो.

"मिलिंद, तिथंच थांब."

आवाज नेहमीचाच होता. मी आणखी दोन पावलं टाकली.

"मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. हेही नेहमीचंच.

"काय झालं कुमुदताई?"

"जवळ येऊ नकोस. माझा हात खाली आहे."

मला नीट कळलं नाही. त्यांनी मान न वळवता समोर जमिनीकडे बघत सांगितलं. आवाज खोल होता, नांगराचा तुकडा असेल असं वाटलं. माती उकरली, खाली बोटं घातली, उचलायला गेले. टोक मातीत रुतलंय, मागची बाजू वर आली. मग वरची माती गळून पडली आणि दिसलं.

"काय दिसलं?"

"लांबट आहे. माझ्या कोपरापर्यंत असेल. गंजलंय. आणि मागे बॉम्बला असतात तसे पंख आहेत रे त्याला."

मी बाटली कधी खाली टाकली ते मला कळलं नाही. सिकाडा ओरडतच होते. मला त्यांचा हात दिसत नव्हता, फक्त खांदा दिसत होता.

"ऐक. तू आता फाटकापर्यंत जा. पळू नकोस, जमीन हादरेल. चालत जा. फोन लागतो तिथे गेल्यावर फोन कर."

"तुम्ही?"

"मी कुठं जाणार? जा की बाबा."

मी चाललो. इतकं हळू मी आयुष्यात कधी चाललो नसेन. प्रत्येक पाऊल ठेवताना वाटत होतं, आता मागून आवाज येईल. फाटकाजवळच्या उंचवट्यावर फोन लागला. १११ या आपत्कालीन नंबरवर पलीकडच्या बाईने विचारलं, वस्तूला कोणी हात लावला आहे का? मी म्हणालो, हो, आत्ताही लावलेला आहे. ती मग म्हणाली, त्या व्यक्तीला सांगा, जमेल तितकं हळू खाली ठेवून लांब जायला.

मी दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडलो.

"खाली कुठं ठेवू?" वाऱ्याबरोबर त्यांचा आवाज आला. "खाली पोकळ आहे! मीच उकरलंय!"

तेवढ्यात ग्रॅहम आपली चारचाकी मोटरसायकल उडवत टेकडीवरून येताना दिसला. मी वेड्यासारखे हात हलवले. त्याने इंजिन बंद केलं आणि उरलेलं अंतर चालत आला. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. तो फाटकाला धरून उभा राहिला. पोलीस निघाले होते. सैन्याचे लोक यायला बराच वेळ लागणार होता. पॅडकमध्ये जाऊ नका, असं फोनवरची बाई पुन्हा पुन्हा बजावत होती.

मग आम्हाला कुमुदताईंचं बोलणं ऐकू येऊ लागलं. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता. तुकडे तुकडे येत होते. त्या कोणाशी तरी बोलत होत्या, सावकाश, एकेक वाक्य.

"कोणाशी बोलतेय ती?" ग्रॅहमने विचारलं.

"स्वतःशीच."

"प्रार्थना करतेय?"

मी ऐकलं. "नाही. काय करतेय ते सांगतेय."

"मग मला सांग."

आणि मी त्याला इंग्रजीत सांगू लागलो. डाव्या हाताने कापड ओढतेय. कापडावरची माती मुठीत घेतेय. उजव्या हाताखाली भरतेय. माती कोरडी आहे. राहत नाही. पिठासारखी घसरतेय.

मग काही वेळ शब्द येईनात. फक्त टोपी दिसत होती. ग्रॅहम म्हणाला, "काय म्हणतेय?" मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, "नीट ऐक ना, मेट." त्याचा आवाज फाटला होता.

"पाणी," कुमुदताईंचा आवाज आला. "बाटली मिळाली. बूच दातांनी काढतेय. कापडावरच माती कालवतेय." आणि मग, अगदी थिएटरमधल्यासारखं स्पष्ट, "भीती वाटतेय. हात थरथरतोय. थांबतेय." थोडं थांबून, "परत सुरू करतेय."

मूठ मूठ ओली माती. मी प्रत्येक मूठ ग्रॅहमला सांगत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. वाऱ्याची झुळूक आली की ती गवताला हलवायची आणि मी टोपीकडे बघायचो. ग्रॅहमची दोन कुत्री गाडीवरून उतरून आमच्या पायांशी येऊन बसली होती. त्याने दोघांच्या मानेवरचे पट्टे घट्ट धरून ठेवले होते.

"करंगळी सुटली," आवाज आला.

"तिचं लहान बोट मोकळं झालं," मी म्हणालो.

"देवा," ग्रॅहम म्हणाला.

"त्याच्या शेजारचं सुटलं. माती धरतेय. अजून एक मूठ भरते." मग बराच वेळ काही नाही. "मधलं सुटलं."

उरलेली दोन बोटं त्यांनी सांगितली नाहीत. टोपी हळूहळू वर आली. त्या उठून उभ्या राहायला गेल्या आणि लगेच एका बाजूला कोसळल्या. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्या गवतात कुशीवर पडल्या होत्या. पाय बधिर झाले होते. मग कोपरांवर रांगत, मग गुडघ्यांवर, मग उठून, त्या आमच्याकडे यायला लागल्या. मागे वळून एकदाही बघितलं नाही. उजवा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

फाटकातून ग्रॅहमने त्यांना अक्षरशः उचलून अलीकडे घेतलं. त्या कुंपणाशी वाकून ओकल्या. मग खाली बसल्या आणि थरथरू लागल्या. त्या थरथरण्याला आवाज होता, दातांचा. मी माझं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं. भर उन्हात, तापलेल्या त्या जमिनीवर, त्या थंडीने काकडल्यासारख्या बसून होत्या.

सैन्याची तुकडी दुपारी आली. आम्हाला सगळ्यांना रस्त्यापलीकडे बरंच लांब नेलं. स्फोट केला तेव्हा ग्रॅहमच्या घराच्या खिडक्या खडखडल्या आणि टेकडीवरच्या मेंढ्या एका बाजूला धावल्या. नंतर एक तरुण सैनिक आमच्याकडे आला. उखळी तोफेचा गोळा होता, म्हणाला, आणि आतून दारूने भरलेला होता. तो बिचारा आम्हाला धीर द्यायला आला होता.

"मी हात काढून घेतला असता तर फुटला असता?" कुमुदताईंनी विचारलं.

"ते सांगता येत नाही, मॅम."

"पण फुटला असता?"

त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. "तुम्ही फार छान काम केलंत," तो म्हणाला.

घाटात त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. आरशात मला दिसत होतं. उघड्या डोळ्यांनी त्या दरीकडे बघत होत्या आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होत्या.

मला वाटलं होतं की हे ओसरेल. आमच्या महाराष्ट्र मंडळात ही गोष्ट पसरली, लोक त्यांना भेटायला येऊ लागले, कोणी शाल दिली, कोणी वाघीण म्हणालं. त्या सगळ्यांना चहा करत. चहाचा कप डाव्या हाताने देत. उजवा हात खिशात. मशीन त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून गराजच्या कोपऱ्यात ठेवलं. आणि एक नवीनच गोष्ट झाली. "मला भीती वाटतेय" असं म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य नाहीसं झालं तेव्हा आसावरीला फार काळजी वाटली. "बोलत होत्या तोवर बरं होतं," ती म्हणाली. लॉनवर चालायचंही त्यांनी टाळलं. डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाताना त्या नेहमी सिमेंटच्या वाटेवरून जात, लांबचा वळसा घेऊन.

मग ग्रॅहमचा फोन आला. स्फोटाचा खड्डा तसाच होता. तो ट्रॅक्टरने सपाट करणार होता.

"ट्रॅक्टर नको," कुमुदताई म्हणाल्या. "पाऊस पडेपर्यंत थांबाल का? तो मी बुजवते."

ग्रॅहमने वायरीचं तात्पुरतं कुंपण घालून ठेवलं. पाऊस पडला. आम्ही गेलो. कुमुदताई फाटकापर्यंत आल्या, फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. सैन्याने सगळं पॅडक तपासून मोकळं केलं होतं, ग्रॅहमने त्यातून दोनदा ट्रॅक्टर फिरवला होता. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्या गाडीत येऊन बसल्या. "चल," म्हणाल्या. पुढच्या खेपेला त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. त्यानंतरच्या खेपेला फाटक उघडून आत एक पाय ठेवला, आणि तो पाय त्यांच्याच्याने पुढे जाईना. मी म्हणालो, कुमुदताई, राहू दे ना, ग्रॅहम करेल. त्या माझ्यावर ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. "तुला काय कळतंय? रोज रात्री त्या खड्ड्यात पडते मी!"

मला ऑकलंडला नोकरी लागली. सामान पुन्हा खोक्यांत गेलं. निघायच्या आधीच्या शनिवारी कुमुदताई स्वतःच आमच्या दारात आल्या. टोपी घातली होती. गुडघ्यांना पॅड बांधली होती.

"आज नेतोस का? मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. माझ्यामागे आसावरीने सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला.

पाऊस होऊन गेला होता. टेकड्यांवर हिरवा रंग नुकता धरू लागला होता. ग्रॅहमने खड्ड्याशी चांगली माती आणून टाकली होती आणि आपल्या गोठ्यामागून गवताचे मोठे जाड तुकडे कापून रचून ठेवले होते. त्याने कुमुदताईंसाठी फाटक उघडून धरलं.

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं.

"नको. तू इथंच थांब. मला दिसत राहा."

त्या निघाल्या. एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, जमिनीकडे बघायच्या, मग दुसरं. मध्यावर पोचायला त्यांना इतका वेळ लागला की ग्रॅहम दोनदा घड्याळाकडे बघून मग बघायचं सोडून देऊन कुंपणावर बसला. खड्ड्याच्या काठाशी गेल्यावर त्या पुन्हा तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता वळतील. पण त्यांनी हिरवं कापड अंथरलं आणि गुडघे टेकले. आणि उजवा हात खिशातून काढला.

दुपार होईपर्यंत त्या माती ओढत, दाबत, पुन्हा ओढत होत्या. फावडं त्यांनी घेतलंच नाही. मग गवताचे तुकडे एकाला एक भिडवून बसवू लागल्या. शिवण दिसू नये म्हणून फटीत बोटांनी माती भरत होत्या. ग्रॅहमने मदतीला म्हणून शेजारच्या पॅडकमधल्या हौदातून बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि तिकडचं फाटक लावायला विसरला.

त्या पॅडकमध्ये त्याच्या तरण्या कालवडी होत्या. त्या कुतूहलाने आत आल्या. गवतात बसलेलं माणूस काय करतंय ते बघायला एकेक करून जवळ येऊ लागल्या, आणि बघता बघता त्यांनी कुमुदताईंभोवती कडं केलं. काळ्या पाठी, हलणारे कान, फुसफुसणाऱ्या नाकपुड्या. टोपी दिसेनाशी झाली. मी फाटकावरून उडी मारायच्या बेतात होतो. ग्रॅहमने माझा दंड धरला. त्या जनावरांच्या मधून कुमुदताईंचा आवाज येत होता. घाबरलेला, किंचित कापरा, पण अगदी ठाम.

"मागे व्हा गं. मागे व्हा. पाय देऊ नका, अजून ओलं आहे."